शेंदराखालची कुऱ्हाड

माझ्याकडे जुन्या कुऱ्हाडी आहेत. किती, ते मी मोजलं नाही. पडवीच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांवर मावतात तेवढ्या तिथे, बाकीच्या खाटेखाली पोत्यात. कोणी पाहायला आलं की विचारतं, यातली सगळ्यात जुनी कोणती? मी काढून हातात देते. दांडा धावड्याचा, पातं रुंद, पात्याच्या अंगावर तीन टिंबं. मग विचारतात, ही कुठे मिळाली? ही मिळाली नाही, घरातच होती. आणि एकदा मी ती नासवली होती. तेवढंच सांगायला बसले आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हात चालतो, पण सजवून लिहिता येत नाही.

लग्न होऊन मी दिग्रसजवळच्या एका गावात आले, तेव्हा आमच्या वस्तीनं धम्म घेऊन दोनेक वर्षं झाली होती. म्हणजे अठ्ठावन-एकोणसाठचा सुमार. नवरा दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले. घरात मी आणि सासू. सासू जंगलातून लाकूड आणून मोळी बाजारात विकायची. माझ्या खांद्याएवढी उंची, पण मनगटं अशी की बांगडीवाला बाहेरूनच परत जायचा. मी तिला आत्याबाई म्हणत असे. ती मला दोन-तीन महिने काहीच म्हणत नव्हती, नुसतं ‘ऐक व’ म्हणून काम सांगायची.

तिला एकच नाद होता, जुन्या कुऱ्हाडींचा. बाजारात मोळी विकली गेली की बाकीच्या बाया बांगड्या, मिरच्या, लुगडी बघत. ही सरळ जुन्या लोखंडाच्या ढिगाऱ्याकडे. तिथे उकिडवी बसायची आणि मोडके विळे, फुटके तवे, कुलपं बाजूला सारत एखादं कुऱ्हाडीचं पातं वर काढायची. दांडा नसलेलं, गंजानं लाल झालेलं. पदराच्या दशीला ते नेढ्यातून अडकवायची, म्हणजे दांडा बसवायचं जे भोक असतं त्यातून, आणि लोंबकळतं धरून खड्यानं टिचकी मारायची. कान जवळ न्यायची. आपण मडकं घेताना वाजवून बघतो, अगदी तसं. लांब वाजलं तर ठेवून घ्यायची. बद्द वाजलं तर परत ढिगात.

“आत कुठं तरी चीर हाय,” म्हणायची. “वरून दिसत नाई. आवाज लपवत नाई.”

दुकानात तेव्हा कारखान्यातल्या नव्या कुऱ्हाडी येऊ लागल्या होत्या. निळा-काळा रंग लावलेल्या, सगळ्या एकसारख्या. ती त्यांना हात लावत नसे. “पावडर लावून बसल्या,” म्हणायची. जुन्या लोहारानं घडवलेलं पातं तिनं मला एकदा उन्हात तिरपं धरून दाखवलं. धारेजवळ एक बारीक रेघ दिसत होती, रेघेच्या अलीकडचा रंग वेगळा, पलीकडचा वेगळा. ती म्हणाली, सगळं पातं मऊ लोखंडाचं, आणि धारेच्या जागी मधात पोलादाची पट्टी. दोन्ही लाल करून एकात एक ठोकलेलं. मऊ लोखंड धक्का खातं, पोलाद लाकूड खातं. नुसत्या पोलादाची केली तर तडकते, नुसत्या लोखंडाची केली तर वळते. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं असेल तो शाळेत गेला नसणार. मला त्या दिवशी चौथी पास असल्याचा जो थोडा ताठा होता तो कमी झाला.

अशी पाच-सहा पाती तिनं जमवून, साफ करून, दांडे घालून ठेवली होती. साफ करायची तिची रीत ठरलेली. आधी चिंचेच्या कोळात दोन दिवस. मग विटेची पूड आणि ओला चिंधा. मग जवसाचं तेल. दांड्यासाठी धावडा, तोही सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवला की चिरतो. दांडा बसवून वरून पाचर ठोकायची आणि रात्रभर पाण्यात नाही, तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवायची. पाण्यात भिजवला तर दांडा फुगून घट्ट बसतो, पण वाळला की दुप्पट सैल होतो. हे गावातल्या निम्म्या माणसांना कळत नव्हतं, अजूनही कळत नाही.

एक काम मात्र तिला येत नव्हतं, लोहाराच्या भट्टीतलं. आणि आमच्या गावच्या लोहारानं आमचं काम बंद केलं होतं. धम्म घेतल्यावर वस्तीनं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, मयताचा सांगावा घेऊन पळायचं नाही, लग्नाघरची लाकडं फुकट फोडायची नाहीत. मग लोहारानंही सांगितलं, तुम्ही तुमचं सोडलं, मी माझं सोडलं. त्याच्या बाजूनं त्याचा हिशेब बरोबर असेल. आमच्या कुऱ्हाडी बोथट राहिल्या, एवढं खरं.

आता देवाचं सांगते.

वस्तीनं धम्म घेतला तेव्हा घरोघरचे देव टोपल्यांत भरून अरुणावती नदीत सोडले. आमच्या घरातले टाक, दगड, सगळं गेलं. एक राहिलं. चुलीमागच्या कोनाड्यात शेंदराचा एक गोळा होता, नारळाएवढा. घरात त्याला बुढा म्हणत. सासूच्या सासऱ्याचा आजा की पणजा, जंगलात लाकडाला गेला आणि त्याला वाघानं नेलं. माणूस सापडला नाही, त्याची कुऱ्हाड सापडली. ती घरी आणून कोनाड्यात ठेवली, शेंदूर लावला, आणि दर वर्षी वरून शेंदूर-तेलाचा नवा हात. आतली कुऱ्हाड कशी आहे ते जिवंत माणसांपैकी कोणी पाहिलं नव्हतं.

सासूनं तो गोळा टोपलीत घातला नव्हता. का, ते मी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. वस्तीत एक खोली बांधायची ठरली. बसायला, वाचायला, पोरांना शिकवायला. विहार म्हणायची सवय अजून लागली नव्हती, सगळे ‘खोली’च म्हणत. खांबांसाठी एक वाळलेली बाभूळ मिळाली. ती आडवी पाडून वस्तीतल्या मोठ्या निंबाखाली आणून टाकली. त्या संध्याकाळी सासू सगळ्यांसमोर म्हणाली, “या बाभईवर पयला घाव आमच्या बुढ्याचा पडंल.”

माझा चुलत सासरा तिथे होता. वस्तीतला कर्ता माणूस तोच. स्वतःचे देव त्यानं सगळ्यांच्या आधी नदीत सोडले होते, प्रतिज्ञा त्याच्याइतक्या स्वच्छ कोणी म्हणत नसे. तो म्हणाला, “वयनी, नदीत सोडणं वेगळं. खरवडनं वेगळं. कायले खोड काढून राह्यल्या?”

“भाऊजी, तुमी म्हनता ना देव नाई?”

“म्हनतो.”

“मंग तो आपला मानूस हाय. लाकूडतोड्या होता. त्याची कुऱ्हाड कोनाड्यात बसून काय करून राह्यली? कामाले लागू द्या.”

यावर त्यानं मान हलवली. पण भीती गेली नव्हती, ते तोंडावर दिसत होतं. मी त्याला हसत नाही. प्रतिज्ञा एका दिवसात पाठ होतात, भीती विसरायला वेळ लागतो.

सासूनं गोळ्याला घासलेटच्या चिंध्या गुंडाळल्या आणि चार दिवस तसाच ठेवला. मग बांबूची चिपटी घेऊन बसली. थर निघू लागले. वरचा गडद लाल, खालचा भगवा, त्याखाली काळपट, त्याखाली पुन्हा लाल. मध्ये एक पातळ थर जवळजवळ पांढरा होता. ती म्हणाली, हे दुष्काळाचं साल असंल, शेंदूर कमी, तेल जास्त. खरं की गंमत, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी लोखंड दिसलं आणि आम्ही दोघी बघत राहिलो. गंज नावाला नव्हता. इतक्या वर्षांच्या तेलानं आणि शेंदरानं ते पातं लोणच्यासारखं टिकवून ठेवलं होतं. रुंद पातं, खालचा कोपरा थोडा लांब ओढलेला, हातानं घडवल्याच्या हातोडीच्या खुणा. आणि मधोमध ठोकलेली तीन टिंबं. तिनं ती टिंबं अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चोळली. मी तिला देवापुढे हात जोडताना कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी तिचा चेहरा जसा होता तसा देवळात लोकांचा असतो.

राहिलं होतं नेढं. त्या भोकात जुन्या दांड्याचा तुकडा अडकलेला, आणि त्याच्या भोवती शेंदूर दगडासारखा. सासू म्हणाली, “मी बाजारले चालली. तू हे हळूहळू कोरून काढ. घाई करू नको.”

मी कोरायला बसले. चिपटी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. बोटाला लागलं. पाणी भरायचं होतं, दळण होतं, भाकरी व्हायच्या होत्या. मी चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि मला वाटलं, लाकडाचाच तर तुकडा आहे, जळून जाईल. पातं निखाऱ्यात सारलं आणि वर तवा ठेवला.

शेंदूर आधी फुगला, मग त्याचे थेंब ओघळले, घाणेरडा धूर झाला. तो धूर छातीत घेऊ नये, हे मला फार पुढे कळलं. भाकरी झाल्या तोवर पातं लाल होतं आणि नेढं मोकळं. मी चिमट्यानं काढलं, राखेत पुरलं, सावकाश थंड होऊ दिलं, विटेच्या पुडीनं घासलं, तेल लावलं. दोन तासांचं काम भाकरी भाजता भाजता झालं. मी स्वतःवर खूश होते.

सासू परत आली. पातं हातात घेऊन भोकातून पाहिलं. “सगयं कोरलं?”

“हो.”

“चांगलं केलं, बाई.”

त्या घरातली ती माझी पहिली शाबासकी. बाई म्हणालेलीही पहिल्यांदाच. ती शाबासकी खोट्यावर घेतली, म्हणून पुढचा सगळा घोळ झाला.

तिनं तीन दिवस खपून दांडा बसवला. दगडावर धार लावली. धार लावताना ती मध्येच थांबली होती, हे मला आठवतं. म्हणाली, “लवकर लागून राह्यली व धार. पोलाद असं लवकर ऐकत नाई.” मग स्वतःच म्हणाली, बरीच वर्षं झोपली होती, म्हणून असेल.

रविवारी सकाळी सगळी वस्ती निंबाखाली जमली. सासूनं लुगडं खोचलं, पाय रोवले, कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि बाभळीवर घाव घातला. आवाजच चुकीचा आला. लाकडाचा खणखणीत आवाज येतो तसा नाही, ओल्या चिखलात काठी मारावी तसा. तिनं कुऱ्हाड वर उचलली. धार केळीच्या पानाच्या कडेसारखी वळली होती.

मग एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, “कोपला व बुढा.”

तिथून ते पसरलं. दुपारपर्यंत वस्तीत सगळीकडे तेच. ज्या घरात धान्याच्या कणगीत एखादा देव लपवून ठेवला होता, आणि असे पुष्कळ होते, त्या घरच्या बायांनी तो बाहेर काढून पुसायला घेतला. एकीनं तर दिवाही लावला. आणि चुलत सासरा आमच्या दारात येऊन उभा राहिला. रागानं नाही, समजावणीनं.

“वयनी, मी कोनाले सांगनार नाई. थोडा शेंदूर लावा, कोनाड्यात ठेवून द्या. नाई तर नदीत सोडा. पण कुऱ्हाड म्हनून आता तिले हात लावू नका.”

सासू ओट्यावर बसली होती. वळलेली धार बोटानं चाचपत होती. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. तिला लोखंड कळत होतं, आणि हे लोखंड का वळलं ते तिला कळत नव्हतं. तेच तिला खात होतं. आवाज चांगला होता, गंज नव्हता, पोलादाची रेघ तिनं डोळ्यांनी पाहिली होती. कारण सापडत नसलं की माणूस देवाकडे जातो. तीही निघाली होती, मी बघत होते.

“शेंदूर लावनार नाई,” ती शेवटी म्हणाली. “नदीत सोडून देऊ. बाकीच्याही देऊन टाकू. मले काई कयत नाई यातलं.”

बाकीच्याही. म्हणजे पाच-सहा कुऱ्हाडी, ज्यांच्यापायी ती बाजारभर उकिडवी बसली होती. मला तेव्हा भट्टीचं शास्त्र माहीत नव्हतं. पण कुऱ्हाड आणि आग यांचं काही तरी असणार, एवढं कळायला शास्त्र लागत नाही. त्या दुपारभर मी गप्प राहिले. बोलले तर मी खोटारडी आणि मूर्ख. नाही बोलले तर बुढा देव, आणि सासू खोटी. मी भांडी घासली, पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुऱ्हाड फडक्यात गुंडाळली आणि ती निघाली. मागे वस्तीतल्या सात-आठ बाया, पुढे चुलत सासरा. निंबापर्यंत मी मागे मागे गेले. तिथं म्हणाले,

“आत्याबाई, मी ती चुलीत घातली होती.”

ती वळली. “काय?”

“भोक कोरलं नाई. दांड्याचा तुकडा जाळला. निखाऱ्यात ठेवली, लाल झाली, मंग राखेत ठेवली.”

एक बाई म्हणाली, “अवो माय!”

सासूनं फडकं सोडलं. तिथंच मातीत बसली, कमरेच्या पिशवीतून कानस काढली आणि धारेवर एकदा ओढली. कानस लोण्यात सुरी जावी तशी गेली. मग ती पात्याच्या मागच्या बाजूला ओढली, मग पुन्हा धारेवर. दोन्हीकडे सारखीच. ती मान खाली घालून हसायला लागली. खांदे हलत होते, आधी वाटलं रडते आहे.

“पानी उतरलं,” ती म्हणाली. “भाऊजी, पानी उतरलं हिचं! लाल करून राखेत ठेवली म्हनते! कोप नाई न काई नाई!”

लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो, तेव्हा ते कठीण होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. तेच पोलाद पुन्हा लाल करून राखेत हळूहळू थंड केलं की मऊ पडतं, पाणी उतरतं. हे तिला माहीत होतं. मी तसं केलं असेल, हे तिच्या मनात येणं शक्य नव्हतं, कारण मी कोरलं म्हणून सांगितलं होतं.

चुलत सासरा लगेच पटणारा नव्हता. “चुलीत घातली म्हनूनच कोपला असंल.”

“भाऊजी, कोपला असता तर चुलीवरच कोपला असता,” सासू म्हणाली. “त्या दिवशीच्या भाकरी तुमीच खाल्ल्या. दोन जास्त मागितल्या.”

बाया हसल्या. तोही हसला, मनात नसताना. पण म्हणाला, “पानी चढवून दाखवा, मंग मानतो.”

मला तिनं मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, “चाल.” आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. नदीकडे जाणारी ती वाट सोडून आम्ही दिग्रसची धरली.

दिग्रसला बाजाराच्या रस्त्याला घिसाड्यांचा तळ पडलेला असे. फिरते लोहार. बैलगाडीतच संसार, जमिनीत पुरलेली छोटी ऐरण, नवरा सांडशीनं लोखंड धरणार आणि बायको घण मारणार. आम्ही गेलो तेव्हा ती बाई विळा ठोकत होती. घण माझ्या डोक्याएवढा. ती मारताना श्वाससुद्धा मोठा करत नव्हती.

घिसाड्यानं पातं घेतलं, दांड्यातून सोडवलं, उलटंपालटं केलं. तीन टिंबांवर त्याचं बोट थांबलं. “ही आमच्या पणज्याच्या बी आधीची घडन हाय. आता अशी कोनी घडवत नाई, मी बी नाई. येवढा येळ कोनापाशी हाय.” मग धार पाहिली. “कोनी जाळली?”

“मी,” मी म्हणाले.

“कायले?”

“भाकरी करत होते.”

त्याच्या बायकोनं घण खाली ठेवला. “भाकरी कच्ची राह्यली असंल न कुऱ्हाड भाजली असंल!” ती अशी हसली की रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. त्या दिवशी मला हसून घेण्याची सगळ्यांची पाळी होती. मी घेऊ दिली.

तो म्हणाला, “पानी आन बरं, गार.” मी बादली घेऊन हौदावर गेले. भरून आणली, त्याच्या जवळ ठेवताना सवयीनं थोडी लांब ठेवली. त्यानं पायानं ती जवळ ओढून घेतली आणि कामाला लागला. कोणाच्या हातचं, कुठली, काही विचारलं नाही. हे मी लक्षात ठेवलं आहे.

आधी त्यानं वळलेली धार ठोकून सरळ केली. मग भाता धरला. धार पळसाच्या फुलासारखी लाल झाली, तेव्हा नुसती धार दोन बोटं पाण्यात बुडवली आणि लगेच बाहेर काढली. दगडानं घासून चकचकीत केली आणि म्हणाला, “आता पाहा.” मागची बाजू अजून गरम होती. ती आच हळूहळू धारेकडे सरकत होती, आणि तिच्याबरोबर लोखंडावर रंग सरकत होते. मागे निळा, त्याच्या पुढे जांभळा, त्याच्या पुढे गव्हाळ. आम्ही चौघं त्या पात्यावर वाकलो. गव्हाळ रंग धारेला टेकला आणि त्यानं अख्खं पातं पाण्यात घातलं. मी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, पण इतक्या बारीक वेळेवर नजर असलेला पाहिला नाही. एक श्वास आधी बुडवलं असतं तर धार तडकती, एक श्वास नंतर तर पुन्हा मऊ.

सासूनं कानस ओढून पाहिली. कानस घसरली. काच जशी कानशीला दाद देत नाही, तशी. सासूनं मोळीतली चांगली लाकडं त्याला द्यायची कबूल केली आणि पुढच्या बाजारी नेऊन दिलीही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा निंबाखाली सगळे. या वेळी कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, आपणच आले. सासू कुऱ्हाड घेऊन बाभळीपाशी गेली, मग मागे वळून माझ्याकडे आली आणि दांडा माझ्या हातात दिला.

“तू मार.”

“मले नाई येत.”

“जाळायले येत होतं.”

मी मारला. पहिला घाव तिरपा पडला, पण पडला तो आत. कुऱ्हाड लाकडात रुतली, निघेना. बाजूची पांढरी ढलपी उडून चुलत सासऱ्याच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली, पुढे आला, कुऱ्हाड हलवून काढली आणि धार बघितली. अंगठ्याचं नख लावून बघितलं. मग धोतर खोचून तो स्वतः बाभळीवर चढला आणि तोडत राहिला. घामानं भिजेपर्यंत दुसऱ्या कोणाला देईना. खोलीचे चारही खांब त्याच कुऱ्हाडीनं तासले.

आणि मग लोक यायला लागले. आधी आमच्याच वस्तीतले, मग आजूबाजूच्या गावांतले. दुपारच्या वेळी कोणी तरी बाई दारात यायची, पदराखाली काही तरी. कोणाच्या घरात विळा देव होता, कोणाच्या घरात भाल्याचं टोक, पण जास्त करून कुऱ्हाडी. शेंदरात बुडालेल्या. घरात ठेवायचं धैर्य नाही आणि नदीत टाकायला जीव होत नाही, असं सगळं आमच्याकडे आलं. सासू प्रत्येक गोळा घेताना विचारायची, “कोनाची होती?” म्हणजे कोणत्या माणसाची. देव कोणता, हे कधी विचारलं नाही. साफ करून, दांडा घालून ती कुऱ्हाड ज्याला जंगलात कामाला जायचं आहे त्याला वापरायला द्यायची. परत आणताना धार लावून आण, एवढीच अट. काही परत आल्या, काही आल्या नाहीत. न आलेल्यांचं तिला वाईट वाटत नसे. काम करून राह्यली असंल, म्हणायची.

पण गोळा हातात घेण्याआधी ती एक गोष्ट न चुकता करायची. मला हाक मारायची. मी पीठ मळत असले तरी तसेच हात घेऊन बाहेर यावं लागे. “सांग याईले, तू काय केलं होतं ते.” आणि मी उभ्या उभ्या सांगायची, चुलीत घातली, लाल झाली, राखेत ठेवली, पाणी उतरलं. पहिल्या वर्षी मला तिचा राग यायचा. वाटायचं, किती दिवस ही उगाळणार आहे.

मग एकदा, पासष्टच्या आगेमागे असेल, बाभुळगावकडची एक बाई आली. तिच्या कुऱ्हाडीवर शेंदूर नव्हताच, काळी पडली होती. ती दारातच रडवेली होऊन म्हणाली, घरी साफ करायला गेले, भोकातलं लाकूड निघेना, म्हणून चुलीत घातली. आता सगळे म्हणतात देव कोपला, सासू बोलत नाही. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता हाक येणार.

हाक आली नाही. सासू त्या बाईला म्हणाली, “जयालेल्या कुऱ्हाडीतलं मले नाई कयत. आत माही सून हाय, तिले विचार. त्यातली मास्तरीन तेच हाय.” आणि कानस माझ्या दिशेनं ओट्यावर सरकवली.

मी हात पुसून बाहेर आले. पातं घेतलं, कानस धारेवर ओढली. लोण्यासारखी गेली. मागच्या बाजूला ओढली, तशीच. “पानी उतरलं,” मी म्हणाले, “पुन्हा चढतं. चाल माह्यासंगं दिग्रसले, न तुह्या सासूले बी घे.”